सम आकड्यांची घरं

मक्सी रोडवरच्या एका कागद कारखान्यामागे तीस-चाळीस घरांची वस्ती आहे. तिथल्या बायकांनी प्रदूषण खात्याच्या उज्जैन कार्यालयात अर्ज दिला. कारखान्याच्या मागच्या अंगणात रोज दुपारी काहीतरी जळतं, वास कागदाचा नसतो आणि मुलांचे डोळे चुरचुरतात, असं त्यात लिहिलं होतं. चौकशीला केतकी पागनीसला पाठवण्यात आलं. खात्यात रुजू होऊन तिला जेमतेम दोन वर्षं झाली होती.

अंगणात कमरेएवढा ढीग होता. अर्धवट जळलेल्या पिशव्या, मुलांचे वापरलेले डायपर, मांजराच्या खाण्याचे पत्र्याचे डबे. केतकीने एक डबा उचलून बघितला. वरची अक्षरं इंग्रजी, कंपनीचं नाव मात्र कधी न ऐकलेलं.

कारखान्याचा मॅनेजर हसला. "मैडम, ये तो अपने शहर का ही कचरा है, लोग फेंक जाते हैं. आजकल तो टावर चौक पे भी विलायती बिस्कुट मिल जाता है."

केतकीला ते पटलं नाही. कारखाना परदेशातून रद्दी मागवायचा, आणि रद्दी कागद म्हणून नोंदलेले सहा कंटेनर त्याच आठवड्यात ड्राय पोर्टवर, म्हणजे कस्टमच्या कंटेनर-तळावर, येऊन थांबले होते. रद्दी मागवायला परवानगी आहे. तिच्यात चुकून आलेलं थोडंफार प्लास्टिकही चालतं. पण दुसऱ्या देशातल्या घरांचा कचरा आणायला सक्त मनाई, आणि आणलाच तर आणणाऱ्याने तो परत पाठवायचा. केतकीच्या पत्रावरून कस्टमने माल अडवला आणि गुरुवारी सगळ्यांसमोर गठ्ठे उघडायचं ठरलं.

"त्यांच्याकडे तिकडच्या तपासणीचं सर्टिफिकेट आहे," तिचे साहेब श्रीकांत सर म्हणाले. "आपल्याकडे काय आहे? वास? गुरुवारी काही सिद्ध झालं नाही तर माल सुटेल, केतकी."

संध्याकाळी ती नानाखेड्याला घरी आली तेव्हा अक्का लसूण सोलत बसली होती. अक्का म्हणजे केतकीच्या वडिलांची थोरली बहीण. एकतीस वर्षं रेल्वेच्या डाक विभागात तिने देशी-विदेशी पत्रांची छाटणी केली होती. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी घरात आलेलं कुठलंही पाकीट आधी तिच्या हातात जायचं, आणि नाव बघायच्या आधी ती पिनकोड बघायची.

केतकीने फोनवरचा फोटो दाखवला. ढिगात सापडलेला फाटका लिफाफा होता.

अक्काने चष्मा लावला. "पत्ता अर्धा गेलाय, पण कोड पूर्ण आहे. ह्याचं काय करणार तू?"

"परदेशातला आहे हे दाखवणार."

"त्याने काय होणार? ते म्हणतील, हो, परदेशातली रद्दी आहे, आम्ही तीच मागवली. ऑफिसातली रद्दी आहे की कुणाच्या घरची, ते दाखवायला पाहिजे." अक्काने लसणाची ताटली बाजूला सारली. "मला ने गुरुवारी."

"अक्का, घाण आहे ती. तुझे गुडघे..."

"गुडघ्यांनी थोडीच वाचायचंय?"

गुरुवारी केतकीने कस्टमच्या अधिकाऱ्यांना आधीच सांगितलं, की ह्या माझ्या आत्या आहेत आणि पत्ते वाचायला आल्या आहेत. त्यांनी क्षणभर विचार केला. "वाचू देत. पण कागद त्यांच्या हातात पंच देतील आणि नोंद आम्ही करू," ते म्हणाले. कारखान्याचा वकील होता, मॅनेजर होता. तिसऱ्या कंटेनरमधला मधलाच एक गठ्ठा अधिकाऱ्यांनी स्वतः निवडला.

तारा कापताच गठ्ठा फुगून उघडला आणि असा दर्प सुटला की मॅनेजरनेच आधी नाकाला रुमाल लावला. मशीनने दाबल्यामुळे आत पुस्तकाच्या पानांसारखे थर झाले होते. केतकीने सांगितलं, "एकेक थर काढा आणि प्रत्येकाला क्रमांक द्या." कागद एकीकडे, बाकीचं दुसरीकडे. दुपारपर्यंत बाकीच्याचा ढीग कागदापेक्षा मोठा झाला.

वकील शांत होता. "माल गीला हो गया, थोड़ी मिलावट हो गई. और ये लिफाफे? लिफाफा कागज़ नहीं तो क्या है? किसी दफ्तर की डाक होगी."

अक्का लाकडी टेबलापाशी बसली होती. हातात मोजे, नाकावर मास्क. एक पंच लिफाफे देत होता आणि तिचा हात आपोआप चालत होता. वाचायचं, डावीकडे, उजवीकडे, पुढचा. आठ वर्षांत तो हात एवढा वेगात चाललेला केतकीने पाहिला नव्हता. ओले लिफाफे ती उजेडाकडे धरायची आणि आत उमटलेला पत्ता उलटा वाचायची. शेवटी टेबलावर दोन रांगा झाल्या. अक्काचा हात अचानक थांबला.

"काय झालं, अक्का?"

"थांब जरा." तिने एका रांगेवरून बोट फिरवलं, मग लिफाफ्यांवरचे थरांचे क्रमांक बघितले. मग उभी राहिली. "साहब, ज़रा इधर आइए."

सगळे टेबलाभोवती आले.

"ये एक ही सड़क है. मिल लेन. सबसे नीचे के थर में मकान नंबर चौदह. उसके ऊपर सोलह, फिर अठारह, बीस, बाईस. चौबीस नहीं मिला. फिर छब्बीस, अट्ठाईस."

"तो?" वकील म्हणाला.

"उधर सड़क के एक बाजू सम नंबर होते हैं, दूसरे बाजू विषम. विदेशी डाक छाँटनेवाले को ये पहले दिन सिखाते हैं. दफ्तर की रद्दी में एक ही दफ्तर का पता निकलता, साहब. यहाँ हर घर का अपना नाम है, अपना बिजली का बिल है, और हर घर के कागज़ के साथ उसी थर में उस घर की जूठन है." तिने टेबलावर हात टेकला. "कचरे की गाड़ी सड़क के एक बाजू से गई है, घर-घर रुकते हुए. जैसे भरी, वैसी ही दबाकर यहाँ भेज दी."

अधिकाऱ्यांनी स्वतः खाली वाकून थरांचे क्रमांक आणि घरांचे क्रमांक जुळवून बघितले. एकदा बघितले, पुन्हा बघितले. दुसरी रांगही तशीच निघाली, चेस्टनट रोड, विषम क्रमांक. वकिलाने फाईल उघडली, दोन पानं उलटली आणि मिटली. मॅनेजर बाहेर जाऊन फोनवर बोलू लागला.

"बाकी पाच भी खोलिए," अधिकारी म्हणाले.

बाकीच्या पाचांतही तेच निघालं. महिनाभरात आदेश आला. हा माल रद्दी कागद नव्हे, घरगुती कचरा आहे. सहाही कंटेनर कारखान्याने स्वतःच्या खर्चाने आले तिथे परत पाठवावेत. मक्सी रोडच्या अंगणातला ढीग खात्याच्या देखरेखीखाली उचलून योग्य ठिकाणी नष्ट करावा, आणि तोवर कारखान्याचा आयात परवाना बंद. श्रीकांत सरांनी आदेश उभ्याउभ्या वाचला आणि सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असा पुन्हा मोठ्याने वाचला.

कंटेनर निघायच्या दिवशी अक्काने बघायला यायचा हट्ट धरला. केतकी तिला घेऊन ड्राय पोर्टच्या फाटकाशी उभी राहिली. वस्तीतल्या चार बायकाही टेम्पो करून आल्या होत्या. पहिला ट्रक बाहेर पडला तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्याला ड्रायव्हरनेच हॉर्न वाजवून साथ दिली.

"नोकरीत किती पत्रांवर 'प्रेषकास परत' असा शिक्का मारला, हिशोब नाही," अक्का म्हणाली. "इतकं मोठं पार्सल पहिल्यांदाच."

केतकी एवढी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. वस्तीतल्या एका बाईने पुढे येऊन अक्काचे दोन्ही हात धरले. "माताजी, कल दोपहर को हमने खिड़की खोली. पूरे साल बाद."

अक्काने त्या बाईच्या खांद्यावर हात ठेवला, आणि दोघी मिळून उरलेले ट्रक मोजू लागल्या. तीन. चार. पाच. सहा.