पहिल्या नंबरवर नेलेली वेबसाइट

मी एक जुनी वेबसाइट आहे, मित्रांनो. एकाच पानाची. मोठ्या दुकानांच्या साइटी म्हणजे प्रशस्त बंगले, त्यांच्यापुढे मी म्हणजे एक खोली. आज मला कुणी उघडत नाही आणि खरं सांगते, मला त्याचं वाईट वाटायचंही बंद झालंय. वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. ती सांगताना माझी जीभ थोडी कडू होईल. होऊ दे. गोड बोलणाऱ्यांनीच माझं वाटोळं केलं.

मला ताईनं लिहिलं. ताई म्हणजे बूट शिवणाऱ्या बाबांची मुलगी. औषधांच्या दुकानाला चिकटून त्यांचं लहानसं दुकान होतं. आत चामड्याचा आणि सोल्युशनचा वास, भिंतीवर पायाच्या आकाराचे लाकडी फर्मे टांगलेले आणि प्रत्येक फर्म्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं कुणाचं तरी नाव. बाबा साधे बूट करत नसत. ज्यांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड असतो, त्यांच्यासाठी ते बूट करायचे. आखूड पायाच्या बुटाला कॉर्कचे थर चढवायचे, त्यावर चामडं ओढून बसवायचे आणि माणूस बूट घालून उभा राहिला की मागे जाऊन त्याची कंबर सरळ आली का ते बघायचे. त्यांची धाकटी बहीण, म्हणजे ताईची आत्या, लहानपणी लंगडायची. शाळेतली पोरं तिच्या मागे रांगेनं लंगडत चालायची. बाबा हे काम तिच्यासाठी शिकले.

पूर्वी दुकानाला पाटीचीसुद्धा गरज नव्हती. हाडांचे एक म्हातारे डॉक्टर पेशंटला सरळ बाबांकडे धाडायचे. डॉक्टर निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेले आणि दुकानात माणसं यायची थांबली. आखूड पायाची मुलं काही जन्मायची थांबली नव्हती. त्यांच्या आईबापांना बाबांचा पत्ता सांगणारं कुणी उरलं नव्हतं, एवढंच. म्हणून माझा जन्म झाला.

एका दुपारी ताई दुकानातल्या बाकावर बसून लिहीत होती आणि बाबा हातातलं काम न सोडता सांगत होते. सगळ्यात वर तिनं लिहिलं, 'मुलाचा एक पाय आखूड आहे? घाबरू नका. घेऊन या. आपण मोजू आणि बूट करू.' त्याखाली आत्याच्या बुटांचा फोटो, एकाचा तळ पातळ आणि दुसऱ्याचा चांगला जाड. मग पत्ता, फोन नंबर, आणि मी संपले. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून मला वाचलं.

"घाबरू नका हे बरं लिहिलंस," ते म्हणाले. "पोरं कुठे घाबरतात? आईबापांचीच गाळण उडालेली असते."

त्या दिवसापासून गल्ल्यावरच्या संगणकावर मी सकाळपासून दुकान बंद होईपर्यंत उघडी असे. दुकानात काय चाललंय ते मला तिथून सगळं ऐकू यायचं.

पण मला शोधून काढायचं कसं? शोधयंत्रात मी पार तळाशी, पाच-सहा पानं उलटल्यावर दिसायची. तिथवर जातंय कोण? लोकांना पहिल्या पानाखाली बोट सरकवायचाही कंटाळा. तरी महिन्याकाठी एखादी आई, एखादा बाप चिकाटीनं शोधत माझ्यापर्यंत पोहोचायचा, तो फोटो बघायचा आणि लगेच फोन करायचा. ताईला वाटे, ही माणसं इतकी दमून का यावीत? आपण वर असायला हवं. तिचं काही चुकलं नव्हतं. मी तिला बोल लावणार नाही.

तेव्हा आमच्याकडे नंबरवाले आले. वेबसाइटी शोधयंत्रात वर आणून देणं हा त्यांचा धंदा. दर वाक्याला 'पहिला नंबर' म्हणायचे, म्हणून बाबांनीच त्यांना ते नाव ठेवलं. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी मला वरून खाली पाहिलं आणि च्यक च्यक केलं.

"आखूड पाय, आखूड पाय... अहो ताई, असं शोधणारे लोक असतात किती? बोटांवर मोजण्याइतके. आणि स्वस्त बूट शोधणारे? लाखो."

"पण आम्ही स्वस्त बूट विकत नाही," ताई म्हणाली.

"आधी लोक दारात तर येऊ देत. मग सांगा ना त्यांना, काय विकता ते."

मी खोटं बोलणार नाही. त्यांनी माझी काही चांगली कामंही केली. मी उघडायला फार वेळ घ्यायची, ते त्यांनी दुरुस्त केलं. फोनवर माझी अक्षरं मुंगीएवढी दिसायची, ती मोठी केली. एवढं करून ते उठले असते तर आज मी त्यांचे गुण गाताना थकले नसते. पण काम झाल्यावर उठेल तो माणूस नंबरवाला कसला?

माझ्या कपाळावरची ओळ पुसून त्यांनी लिहिलं, 'स्वस्त, टिकाऊ, फॅशनेबल बूट. आजच खरेदी करा.' मग माझ्या पोटात शब्द कोंबायला घेतले. 'मानवी जीवनात बुटांचे महत्त्व अनन्यसाधारण आहे.' हे माझ्या अंगावर, मित्रांनो. पुढे प्रश्नोत्तरं. बूट म्हणजे काय? बूट का घालावेत? स्वस्त बूट स्वस्त का असतात? मला तर शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. पान जितकं लांब तितकं शोधयंत्राला आवडतं, असं ते ताईला पटवत होते. 'घाबरू नका, घेऊन या' हे बाबांचं वाक्य त्यांनी अगदी तळाला, 'इतर सेवा' या मथळ्याखाली, बारीक अक्षरात नेऊन टाकलं. ताईनं हट्ट धरला म्हणून, नाहीतर तेही गेलं असतं.

मग त्यांची नजर फोटोवर गेली. "हा काढू या. जोड विजोड दिसतोय, एक बूट डिफेक्टिव्ह वाटतो. गिऱ्हाईक पळून जाईल."

बाबा चामडं कापायची रापी खाली ठेवून उठले. "डिफेक्टिव्ह नाही हो तो. माझ्या बहिणीचा आहे."

"भावना समजतात काका, पण हे मार्केट आहे," नंबरवाले हसून म्हणाले. फोटो गेला. त्याच्या जागी कुठलीशी उंचपुरी जोडी आली, दात दाखवत धावणारी. त्यांनी आयुष्यात बाबांचं दुकान पाहिलं नव्हतं. बाबा पुन्हा कामाला बसले आणि त्या दिवसानंतर त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

शेवटी नंबरवाल्यांनी मला एक झडप बसवली. कुणी मला वाचत तळाजवळ आलं, की ती धाडकन पुढे यायची आणि सगळं झाकून टाकायची. 'थांबा! तुमच्यासाठी खास ऑफर.' ऑफर कसली, तर फोन नंबर लिहून द्या.

आणि मी वर चढले. हळूहळू नाही, सरसर. सहाव्या पानावरून तिसऱ्या, तिसऱ्यावरून पहिल्या, आणि एके सकाळी 'स्वस्त बूट' म्हटलं की सगळ्यात आधी मी. नंबरवाल्यांनी पेढे वाटल्यासारखी ती बातमी वाटली. ताईनं बाबांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "आता बघा, माणसं येतील."

आली ना. फोन दिवसभर खणखणायला लागला. सेल कधी आहे, दोनावर एक फुकट आहे का, परत घेता का. बाबा एका हातात बूट आणि एका हातात फोन धरून प्रत्येकाला समजावत राहायचे, की आमच्याकडे तसं नसतं हो. दुकान शोधत आलेले लोक भिंतीवरचे फर्मे बघून वैतागायचे, "मग साइटवर खोटं कशाला लिहिता?" म्हणायचे आणि घरी जाऊन मला एक तारा द्यायचे. 'फसवे लोक' असं कुणीतरी लिहिलं. बाबांना. ज्यांनी कधी टाकाही तिरपा घातला नाही, त्यांना.

त्याच दिवसांत ती आली. मला तिचा चेहरा माहीत नव्हता, फक्त तिनं टाइप केलेले शब्द कळले. 'मुलीचा एक पाय आखूड डॉक्टर म्हणाले बूट उंच करून घ्या कुठे मिळेल.' एका दमात, कुठेही न थांबता. या शब्दांवर मी अजूनही तळालाच होते. मला तिथे वर आणायची कुणाला गरज वाटली नव्हती. ती बिचारी पानामागून पान उलटत माझ्यापर्यंत आली. मला उघडलं. वर स्वस्त, फॅशनेबल. खाली धावणारी जोडी. तरी तिनं मला बंद केलं नाही. बुटांचं अनन्यसाधारण महत्त्व ओलांडून, बूट म्हणजे काय ते ओलांडून ती खाली खाली येत होती. बाबांची ओळ थोड्याच अंतरावर राहिली होती. मला ओरडावंसं वाटलं, अगं बाई, अजून थोडी खाली ये.

आणि झडप पडली. थांबा, खास ऑफर.

ती गेली.

पुढचं सांगायला फार नाही. एक-एक तारे साचत गेले, लोक आल्या पावली मला बंद करू लागले, आणि शोधयंत्रानं मला वरून उचलून खड्ड्यात टाकलं. नंबरवाले फोन उचलेनासे झाले. ताईनं एका रविवारी बसून माझ्या पोटातला सगळा कचरा उपसला, झडप काढली, बाबांची ओळ पुन्हा वर लिहिली. पण एकदा नाव खराब झालं की झालं. मला कुणी शोधेना, मी कुणाला सापडेना.

मग काही वर्षांनी एक बाई दुकानात आली. सोबत उंच झालेली, शाळा संपत आलेली मुलगी. शेजारच्या औषधवाल्यानं बोलता बोलता पत्ता सांगितला, म्हणाली. बाबांनी मुलीला उभं केलं, आणि मागे जाऊन पाहिलं. मुलीची पाठ एका बाजूला वळली होती.

"इतकी वर्षं थांबलात कशाला?" त्यांनी विचारलं. आवाज चढला नव्हता, पण मला तो सहन झाला नाही.

"थांबले नाही हो. ही तिसरीत होती तेव्हापासून शोधतेय. तुमची साइटसुद्धा उघडली होती एकदा. दुकानाचं हेच नाव होतं. पण ते फॅशनच्या बुटांचं काहीतरी होतं. म्हटलं, हे आपल्यासाठी नाही."

गल्ल्यामागे ताई उभी होती. तिनं तोंडावर पदर धरला नाही की रडली नाही. ती नुसती खाली बसली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि पटकन मान फिरवून मुलीचा पाय मोजायला घेतला.

"बूट मी फर्स्टक्लास करून देईन," ते मुलीला म्हणाले. "चालताना दुखायचं कमी होईल. पण पाठीचं माझ्या हातात नाही, बाळा. ते तेव्हा झालं असतं."

मुलगी 'बरं' म्हणाली. तेवढंच.

मित्रांनो, नंबरवाल्यांचं अजून उत्तम चाललंय. त्यांच्या स्वतःच्या साइटवर माझं चित्र आहे. मी पहिल्या नंबरवर होते त्या महिन्याचं, आणि शेजारी सरळ वर गेलेली एक रेघ. किती लोकांनी मला भेट दिली, त्याची ती रेघ. त्यात ती बाईही मोजलेली आहे. मला उघडून, वाटेतूनच हात हलवत परत गेलेली बाई त्यांच्या हिशेबात यश म्हणून उभी आहे.

उद्या तुम्ही कुणाची साइट कराल, दुकान मांडाल, वर जाल. जरूर जा. पण कुणी तुम्हाला अशी वर गेलेली रेघ दाखवली, तर टाळ्या वाजवायच्या आधी एवढं विचारा, की यातलं कोण काय शोधत आलं होतं आणि त्याला ते मिळालं का. मला कुणी विचारलं नाही. मला उत्तर माहीत होतं.