पट्टी मोडलेली नव्हती

चाळीस वर्षं मी हामादाच्या बंदरात मच्छीमार लाँचची इंजिनं दुरुस्त केली. खाऱ्या पाण्यानं खाल्लेली, मालकानंही आशा सोडलेली इंजिनं मी धडधडत चालू करून दिलीत. त्यामुळे बायकोची ब्रेलची पट्टी मोडली असती ना, तर मी ती कशीही करून उभी केली असती. पण ती मोडलेली नव्हती. हेच तर दुखणं आहे.

माझी बायको नोबुए लहानपणापासून आंधळी. पन्नाशीत तिचे कानही गेले. बोलते मात्र खणखणीत, आणि मला झापायची एक संधी सोडत नाही. कान गेले तेव्हा आम्ही ती ब्रेलची पट्टी घेतली. संगणकाला जोडली की पडद्यावरचा मजकूर ठिपके होऊन तिच्या बोटांखाली उमटायचा. वर सहा कळा होत्या, त्या दाबून ती स्वतः लिहायची. तिची थोरली बहीण हात्सुमीताई तिकडे लांब उत्तरेला, ओबिहिरोला. दोघी रोज सकाळी, मिसोचं सूप निवायच्या आत, एकमेकींना लिहायच्या. वाचता वाचता नोबुए एकटीच खुदकन हसायची. मी तिच्या खांद्यावर टकटक केलं की म्हणायची, "बायकांचं बोलणं आहे. तुम्ही कशाला नाक खुपसताय?"

मला काही सांगायचं असलं की मी तिच्या खांद्यावर थाप द्यायचो. दोन थापा म्हणजे जेवण. एक थाप म्हणजे आंघोळीचं पाणी तापलं. जास्त काही असलं तर संगणकावर टाइप करायचो. वीस वर्षं तेवढ्यावर भागलं. दुसरं काही शिकायची गरज वाटली नाही, आणि कोणी सुचवलं तरी मी खेकसायचो.

यंदा तिला सत्तर वर्षं झाली. आमच्याकडे सत्तरीला जांभळं काहीतरी देतात. लोक उशी देतात, शाल देतात. मला जास्तीची अक्कल! मी नवा संगणक घेतला आणि त्याला जांभळी पिशवी शिवून घेतली. जुना त्याच आठवड्यात भंगारात दिला. पट्टीबरोबर आलेली, तिचा ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम असलेली सीडीसुद्धा त्याच भंगारात टाकली. हल्ली सीडी कोण वापरतं, म्हणालो.

नव्या संगणकानं पट्टीला ओळखच दाखवली नाही.

कंपनीला फोन लावला. पलीकडे गोड आवाजाची मुलगी.

"साहेब, त्या मॉडेलचा ड्रायव्हर आम्ही मार्चमध्ये बंद केला. नव्या संगणकावर तो चालत नाही."

"अगं, पण पट्टी ठणठणीत आहे!"

"हो साहेब. आपण खूप छान जपलीत."

"मग जुना ड्रायव्हर द्या. मी कुठूनही जुना संगणक पैदा करतो."

"तो आम्ही साइटवरून काढून टाकलाय, साहेब. आपल्याला फार त्रास झाला, मनापासून माफी मागते. आमचं नवीन मॉडेल..."

फोन धरून ती पोरगी माफीसाठी कमरेत वाकत असणार, हे आवाजावरून कळत होतं. अशा पोरीवर ओरडायचं तरी कसं? तरी मी ओरडलोच.

नव्या पट्टीसाठी नगरपालिकेत अर्ज केला. मंजुरीला तीन महिने, म्हणाले. आणि हात्सुमीताईच्या पोटात कॅन्सर पसरला होता. डॉक्टरांनी तिला दोन महिनेसुद्धा दिले नव्हते.

नोबुएला हे सगळं तळहातावर एकेक अक्षर गिरवून सांगायला मला अख्खी दुपार लागली. ती म्हणाली, "माझ्यासाठीच केलंत ना? जाऊ द्या." चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मग मला शिकवायला इशिगामेबाई घरी यायला लागल्या. त्या बोटांवरचं ब्रेल शिकवतात. समोरच्याच्या दोन्ही हातांची तीन-तीन बोटं म्हणजे सहा कळा, त्यांवर आपल्या बोटांनी टिचक्या द्यायच्या. माझी बोटं पाना फिरवून रुंद झालेली, ठोकळ्यासारखी. नोबुए ओरडायची, "अहो, भात म्हणताय की माझी बोटं चेचताय?" पण तीन आठवड्यांत मी एक अख्खं वाक्य सांगू शकलो.

मग ताईची पत्रं माझ्या हातून जायला लागली. पडद्यावर वाचायचं आणि नोबुएच्या बोटांवर द्यायचं. पहिल्याच पत्रात ताईनं विचारलं होतं, "तुझा तो डिझेलचा डबा अजून तसाच धूर सोडतो का?" डबा म्हणजे मी. तरी जसंच्या तसं दिलं. नोबुए हसली, आणि मग तिचा चेहरा लालबुंद झाला. त्यानंतर ती मला जे लिहायला सांगायची ते असलं. हवा बरी आहे. परसातले मुळे काढले. काळजी घे. वीस वर्षं ती ज्यावर हसत होती ते हे नव्हे, एवढं मलाही कळत होतं.

मी तिच्या बोटांवर म्हटलं, "मनातलं सांग. मी ऐकत नाही असं समज."

"तुम्ही ऐकल्याशिवाय लिहिणार कसे?" ती म्हणाली.

ताईचं शेवटचं पत्र चार ओळींचं होतं. "नोबुए, चेरी फुलली तेव्हा तू मला जे लिहिलंस, ते मी कोणाजवळ बोलले नाही. त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय. पण ते फक्त तुझ्यासाठी आहे. नवी पट्टी आली की लिहीन."

ते देताना तिची बोटं माझ्या बोटांखाली गार पडली.

"काय लिहिलं होतंस?" मी विचारलं.

"काही नाही हो. असंच." मग म्हणाली, "लिहा. ताई, थांबू नकोस. आत्ताच सांग. यांनी वाचलं तरी चालेल."

मी लिहिलं आणि लगेच पाठवलं. दुसऱ्या दिवशी उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी नाही. पाचव्या सकाळी ताईच्या मुलाचा निरोप आला.

मी नोबुएसमोर गुडघे टेकून बसलो, तिचे हात घेतले आणि सांगितलं. ताई गेली. पहाटे. झोपेतच.

ती म्हणाली, "आज एकही चूक नाही केलीत." आणि मग मोठ्यानं रडायला लागली. आपण किती मोठ्यानं रडतोय हे तिला ऐकू येत नव्हतं. मला येत होतं. मीही रडलो. त्या संगणकाला, त्या जांभळ्या पिशवीला आणि स्वतःला तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या.

परवा सकाळी मी सूपचा वाडगा घेऊन खोलीत गेलो. नोबुएनं फडताळातून जुनी पट्टी काढून मांडीवर घेतली होती. वायर कशालाच जोडलेली नव्हती. ती कळा दाबत होती, भरभर, न थांबता. मी दारात उभा आहे हे तिला कळायला काही मार्ग नव्हता. पूर्वी मला तिची बोटं नुसती नाचताना दिसायची. आता मला वाचता येतं. तिनं "ताई" लिहिलं. मग "चेरी फुलली तेव्हा मी तुला जे..."

एवढं मी वाचलं. खरं सांगतो, पुढचं वाचायची जिवापाड इच्छा झाली. त्यात मी असणार, दुसरं कोण?

मी वाडगा जमिनीवर ठेवला, अंगणात गेलो आणि घराकडे पाठ करून उभा राहिलो. कळांची खटखट तिथपर्यंत ऐकू येत होती. ती थांबेपर्यंत मी मागे वळून पाहिलं नाही.