शेवटचा माणूस

"लेन, आज तू सगळ्यात शेवटी राहा. फाटकं लावत ये, माणसं मोजत ये," ऑब्रेने सांगितलं आणि गळ्यातली शिट्टी फुंकून तो कालव्याच्या काठाने निघालासुद्धा.

लेन ट्रँटर "बरं" म्हणाला. गावातल्या म्हाताऱ्यांची ही गुरुवारची पायपीट एकोणीस वर्षं त्यानेच पुढे राहून चालवली होती. त्याआधी चाळीस वर्षं याच कालव्याचे, पाणी अडवणारे ओक लाकडाचे दरवाजे बनवले, बसवले. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि तो बरा होऊन येईतो हा निवृत्त मास्तर ऑब्रे त्याच्या जागी ठाण मांडून बसला होता. तेवढंही लेनने गिळलं असतं. पण मास्तराच्या शेजारी विनी चालत होती, लेनची बायको, आणि त्याच्या प्रत्येक विनोदाला मान मागे टाकून हसत होती. घरी लेनच्या विनोदाला फार तर "हं" मिळायचं.

"विनीला मजा येतेय हं आज," बरोबर चालणारी डॉट म्हणाली. "माणूस बोलका आहे."

"आहे ना. मैलभर झालं, श्वास घ्यायलाही थांबला नाही."

"पोटात दुखतंय वाटतं कुणाच्या?"

"गुडघा दुखतोय," लेन म्हणाला.

जानेवारीचं फिकट ऊन पडलं होतं. कालव्यावर बर्फाचा पापुद्रा धरला होता आणि बदकं त्यावर घसरत होती. विटांच्या पुलापाशी वाट फुटते. उजवीकडे शेतातली चढण, डावीकडे झुडपांच्या दोन कुंपणांमधली जुनी, खोलगट गाडीवाट. नकाशात ही गाडीवाट मोठी देखणी दिसते. पण हिवाळ्यात कालव्याचं जादा पाणी तिच्यात उतरतं आणि वर बर्फ धरतो. वरून जमीन वाटते, खाली मांडीभर गार पाणी. हे ठाऊक असायला कालव्यावर जन्म काढावा लागतो.

ऑब्रेने नकाशा पाहिला आणि तो डावीकडे वळला.

हाक लेनच्या अगदी ओठांवर आली होती. पण विनी पुन्हा हसली, आणि त्याने ओठ मिटून घेतले. भिजू देत मास्तराचे कोरे करकरीत बूट! सगळ्यांदेखत होऊ दे फजिती! त्याला अगदी लहान मुलासारखा आनंद झाला.

गाडीवाटेच्या तोंडाशी फाटक होतं. विनी तिथे क्षणभर थांबली, मागे वळून पाहू लागली. ऑब्रेने सभ्य माणसासारखं फाटक उघडून धरलं आणि जरासा वाकून म्हणाला, "आधी तू, विनी."

पहिलं पाऊल विनीचं पडेल, हे लेनच्या ध्यानातच आलं नव्हतं. "विनी!" तो ओरडला, पण तोवर बर्फ कडाडला होता.

तो लंगडत पोचला तेव्हा विनी बांधावर बसली होती. मांड्यांपर्यंत भिजलेली, ओठ निळे. ऑब्रे तिच्यापुढे गुडघे टेकून, पिशवीतले स्वतःचे कोरडे मोजे तिच्या पायांत चढवत होता.

"चूक माझी," तो पुनःपुन्हा म्हणत होता. "मी आधी येऊन ही वाट तपासायला हवी होती. लेन, गड्या, माफ कर."

त्या माफीने लेनचा जीव अर्धा झाला.

ऑब्रे तिच्या बुटांतलं पाणी ओतायला बाजूला गेला. विनी हळू आवाजात म्हणाली, "तुला ठाऊक होतं."

"हो."

"मलाही शंका आली होती. दर हिवाळ्यात तूच आम्हाला इथून परतवायचास." तिचे दात वाजत होते. "मागे वळून पाहिलं तुझ्याकडे. तू गप्प. म्हटलं, लेन बोलत नाही म्हणजे वाट कोरडी असणार."



"परतीची जवळची वाट तुलाच माहीत," ऑब्रे येऊन म्हणाला. "तूच पुढे हो बाबा."

लेन पुढे झाला. सगळी गुमान त्याच्या मागून शेताच्या चढणीला लागली. वरच्या कुंपणापाशी लाकडी पायऱ्या होत्या, दवाने निसरड्या झालेल्या. आधी पलीकडे उतरून लेनने विनीसाठी हात वर केला. तिने हाताकडे पाहिलं, मग पायरीकडे. तिने खांब धरला आणि मास्तराच्या लाल मोज्यांवर ओले बूट सावरत, एकेक पायरी चाचपून पाहत, ती आपली आपण खाली उतरली.