मागावरचं बोलणं

"येतोय की आवाज. तुझ्या कानात बोळे घातलेत का?" रत्नदीप बहिणीवर खेकसला.

"खटाखट सोडून काय येतंय ते सांग. माणूस कुटं ऐकू येतोय ह्यात?" बुद्धप्रियानं इयरफोन त्याच्या मांडीवर टाकला. "ग्रुपवाले बरोबर बोलतायत. उगं त्यांच्या नावानं शंख करू नको."

रत्नदीपनं मोबाइल हिसकावून घेतला. छोटीशीच फिल्म. त्रिंबकमामा यंत्रमागावर टॉवेल विणतोय आणि विणता विणता बोलतोय. दहावीत शाळेला रामराम ठोकल्यापासनं रत्नदीपनं मन लावून केलेलं हे एकच काम. डॉक्युमेंटरीवाल्यांचा एक ऑनलाइन ग्रुप होता. शॉट कसा धरायचा, फुकटात एडिटिंग कशावर करायचं, सगळं तो तिथंच शिकला होता. मधूनमधून ग्रुपवाले एक फिल्म निवडायचे आणि पुण्या-मुंबईच्या मोठ्या लोकांना दाखवायचे. ह्या खेपेला त्याची घेऊ म्हणाले होते. आणि आज सकाळी नाशिकच्या कुणा दिग्विजयनं खाली लिहिलं, 'मूकपट छान आहे.' त्यावर सगळ्यांनी दात काढले.

ग्रुप चालवणाऱ्या अंकिता मॅडमनी तेवढं धड लिहिलं होतं. 'फ्रेम सुंदर. पण काका काय बोलतात ते ऐकू येत नाही. संध्याकाळच्या कॉलपर्यंत आवाज परत घे, नाहीतर त्यांचं बोलणं खाली अक्षरात टाक. असं दाखवता येणार नाही.'

आता ह्याला काय म्हणायचं? रत्नदीपनं ती फिल्म किती वेळा बघितली होती, आणि मामाचा शब्दन्‌शब्द त्याला कळत होता. लहानपणी मामाचा डबा घेऊन तो कारखान्यात जायचा. मागांच्या खटाखटीत तिथं कानानं कोण ऐकत नाही. ओठ बघायचे, हातवारे बघायचे, भागलं. एडिटिंग करतानाही तो मामाच्या ओठांकडंच बघत बसला होता. आवाज नाही, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. स्वतःचाच असा राग आला की दारातली चप्पल त्यानं लाथेनं पार गल्लीत उडवली, आणि मग तीच घालून मामाकडं निघाला.

कारखान्याला सुट्टी होती. मामा ओट्यावर रस्त्याकडं तोंड करून बसला होता. रत्नदीप मागच्या दारानं आला आणि पाठीमागनं हाक मारली. परत मारली. आतनं मामी म्हणाली, "फुडं जाऊन बोल. तसं न्हाय ऐकायचे ते."

तो पुढं जाऊन बसला आणि मोबाइल धरला. "मामा, परवा मागावर जे बोलला, तेच परत बोला."

मामानं घसा खाकरला, पाठ सरळ केली. "आमचा कारखाना लई चांगला हाय. मालक म्हंजे देवमाणूस."

"हे न्हाय वो. कानाचं बोला की."

"कसलं कानाचं?"

मागावर मामा म्हणाला होता, मला आता काय ऐकू येत न्हाय रे. धागा तुटला की मागाचा आवाज बदलतो, तो आमी कानानं धरायचो. आता डोळं फाडून बघत बसायला लागतंय. मालकाला कळलं तर घरी बसवंल. एवढं बोलून मामा हसला होता आणि मागावर थाप मारली होती, बैलाच्या पाठीवर मारावी तशी. फिल्म म्हणजे तेवढंच. बाकी नुसते टॉवेल.

"तुमीच बोलला. मोबाइलकडं बघून बोलला."

"तितं माणूस काय बी बोलतो. कुणाला ऐकू जातंय तवा?"

"मग मी खाली लिहितो."

"लिहिलंस तर मालक वाचंल की."

"आन कारखान्यातल्यांनी ओठ वाचले तर?"

"वाचू दे. निम्म्यांची गत हीच हाय. कोण कुणाची चुगली करतंय?" मामानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "अक्षर तेवढं घालू नको, बाळा."

"मग बोललाच कशाला? लोक हसतायत मला. एकदा कुटंतरी नाव येणार हुतं माझं."

"हळू बोल. कळतंय मला," मामा म्हणाला. त्याची नजर रत्नदीपच्या ओठांवरच होती.

घरी येऊन रत्नदीपनं अक्षरं टाकली. खोडली. परत टाकली, परत खोडली. बुद्धप्रिया चहा घेऊन आली तर तिच्यावरही डाफरला. शेवटी फिल्म होती तशीच ठेवून तो कॉलवर बसला.

"रत्नदीप, अक्षरं कुठायत?" अंकिता मॅडमनी विचारलं.

"न्हाय टाकली."

"तोंडी सांग ना भावा," दिग्विजय म्हणाला. सकाळचा टवाळपणा आता त्याच्या आवाजात नव्हता. "कॉल रेकॉर्ड होतोय. तू सांगितलेलं आपण खाली जोडू. दोन मिनिटांचं काम."

"काका किती मनापासून बोलतायत," मॅडम म्हणाल्या. "हे कळलं ना, तर आजच पुढं पाठवते. माझा शब्द."

स्क्रीनवर मामा अर्ध्या शब्दावर थांबला होता. चौकोनाचौकोनातली तोंडं वाट बघत होती. मागनं बुद्धप्रियानं पाठीत बोट खुपसलं, "सांग की."

रत्नदीपनं तिचा हात झटकला. त्याचे कान तापले होते.

"काय न्हाय मॅडम. टॉवेलाचं बोलत हुते. रंगाचं."

"एवढंच?"

"एवढंच. चला, मला निघायचंय आता."