बाबूभाईंचा भोंगा

“लोकहो, इकडे लक्ष द्या. वय वर्षं पाच. लाल फ्रॉक. मु... दिसल्यास भोंग्याखाली आणून द्या.”

एवढं बोलून भोंगा गप्प झाला. गडचांदूरच्या आठवडी बाजारात क्षणभर कोणाला काही कळेना. भाजीवाल्यांनी वर पाहिलं, गिऱ्हाइकांनी भाजीवाल्यांकडे पाहिलं. आणि थोड्याच वेळात कापडाचा दुकानदार हातात तीन लाल फ्रॉक नाचवत भोंग्याच्या खोलीपाशी हजर झाला.

“पाच वर्षांचा साइज हाये. कोणाले पाह्यजे?”

खोलीच्या दारात बुधरी उभी होती. जिवतीकडच्या डोंगरातून बाजाराला आलेली, पदर तोंडात कोंबून रडणारी. तिने त्या फ्रॉककडे पाहिलं आणि रडणं विसरून म्हणाली, “फ्राक कायले आणता गा? माही पोरगी हरवली!”

आत कॉम्प्युटरपुढे बसलेल्या महेकने पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच. वय आलं, फ्रॉक आला, ‘मु’ आला आणि मुलगी काही आली नाही.

तिच्या मागे स्टुलावर तिचे वडील बसले होते, बाबूभाई. भोंग्यातून येत होता तो त्यांचाच, आधी भरून ठेवलेला आवाज. ते ताडकन उठले, माइक ओढला, छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडलं. गळ्यातल्या नळीतून फुस्स करून नुसता वारा बाहेर आला. इतक्या वर्षांची सवय. ऑपरेशनने गळा नेला हे शरीराला अजून पटलेलं नव्हतं. शेवटी महेकनेच माइक घेतला आणि आपल्या बारीक आवाजात ओरडून सांगितलं. पोरगी बांगड्यांच्या दुकानापाशी सापडली, दोन्ही हात कोपरापर्यंत भरून बसलेली. बुधरीने तिला आधी एक धपाटा घातला आणि मग छातीशी धरलं.

पोरगी मिळाली, पण बाबूभाईंची लाज गेली ती गेलीच. बाजार उठवायच्या हाकेचंही तेच झालं. “बाजार उ...” एवढंच. कोणीतरी तिकडून “उ” करून साद दिली आणि अख्खी ओळ हसली. बाजाराचा ठेकेदार वाईट माणूस नव्हता. तो खाली मान घालून बोलला, “बाबूभाई, पुढच्या बाजारापर्यंत पाहू. नाई जमलं तर राजुऱ्याचा एक पोरगा हाये, त्याले बसवतो. बाजारात भोंगा तर लागते ना.”

बाबूभाई हा माणूस म्हणजे त्यांचा आवाज, बाकी सगळं नावालाच. आधी सायकलवर, मग ऑटोत आणि म्हातारपणी बाजारातल्या या पत्र्याच्या खोलीत बसून त्यांनी गावाला काय काय म्हणून सांगितलं होतं. त्यांची एक रीत होती. आधी माइकवर बोटाने तीनदा ठोकायचं, ठक ठक ठक. मग बातमीसारखा आवाज लावायचा. नळाला पाणी येणार नसलं की दबका, अपराध्यासारखा. मयतीची खबर असली की जमिनीलगतचा. आणि पोर हरवलं की बेंबीच्या देठापासून. वर पदरचं काहीतरी ठेवून दिल्याशिवाय त्यांची जाहिरात संपत नसे. “आणि लटारूभाऊ, तुमची बंडी रस्त्यातून काढा, म्हशीले लाज वाटून राह्यली!” लटारू दर बाजारी आपली बैलांची बंडी रस्त्यात आडवी लावायचा, बाबूभाई दर बाजारी त्याची फिरकी घ्यायचे. लटारू बंडी हलवता हलवता ओरडायचा, “घेतो ना भाऊ, वरडता काऊन!” लोक ते ऐकायला थांबत.

तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याने घात केला. गाल फुगवून खर्रा चघळणं हे त्यांच्या धंद्याचंच एक अंग होतं. डॉक्टरांनी गळ्यातली गाठ दाखवली आणि आवाजाची पेटीच काढावी लागेल म्हणून सांगितलं, तेव्हा बाबूभाईंनी एकच विचारलं होतं, “बाजाराच्या दिवशी सुट्टी मिळन ना?”

महेक तेव्हा चंद्रपूरला कॉम्प्युटर शिकत होती. ऑपरेशनच्या आधी तिने त्यांना कॉलेजात नेलं, आणि बापाचा आवाज तुकड्यातुकड्याने भरून घेतला. वयं, रंग, वॉर्डांची नावं, मुलगा, मुलगी, म्हातारी, बकरी. हवे ते तुकडे हव्या त्या क्रमाने वाजवणारा प्रोग्राम तिने स्वतः लिहिला, सी भाषेत. कॅसेटवर एकच एक जाहिरात वाजते. यात रोज नवी जुळवता येणार होती. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर बाबूभाईंनी आपल्या कानांनी सगळं ऐकलं होतं, मुलगी हरवलेली आणि बाजार उठलेला, अगदी शेवटपर्यंत. मग जुना कॉम्प्युटर घेऊन खोलीत बसवला, पाणी न येण्याची जाहिरात लावून पाहिली, ती ठणठणीत वाजली आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

आणि आता हे.

आठवडाभर घरात नुसता गोंधळ होता. महेकने भोंग्याची वायर बदलली. भोंगा बाजूला काढून छोटे स्पीकर लावले. त्यातूनही ‘मु’. तुकडे पुन्हा चंद्रपूरला नेऊन वाजवले, तिथे सगळे पुरेपूर. परत आणले, पुन्हा ‘मु’. “तेच तुकडे, तोच प्रोग्राम. गावचं पाणी लागते का याले?” ती रडकुंडीला येऊन म्हणाली. तिची आई, रहमतबी, हिचा निदानावर फार वेळ खर्च करण्याचा स्वभाव नव्हता. तिने कॉम्प्युटरवरून मिरच्या ओवाळून टाकल्या. शेजाऱ्यांनी सांगितलं, आवाज जुना झाला की फाटतो. कोणी म्हणालं, विजेचा दाब कमी आहे.

बाबूभाईंना यावर काही बोलता येत नव्हतं, आणि कळत तर त्याहून नव्हतं. गळ्यातला आवाज डॉक्टरने काढला, ते समजत होतं. पण हा तर कॉम्प्युटरात होता, तो कोणी काढला? की धन्याचा गळा गेला म्हणून तोही हळूहळू सुकत चाललाय? त्यांना रात्री झोप लागत नसे. दिवसभर ते एकेक तुकडा लावून ऐकत बसत. पाण्याची जाहिरात पूर्ण. मयतीची पूर्ण. ‘लाल’ पूर्ण, ‘निळा’ पूर्ण. आणि जिथे जिथे त्यांनी जीव तोडून हाक मारली होती, तिथे हाक सुरू होते न होते तोच मुस्कटदाबी. त्यांना त्या डब्याचा राग आला, खरं म्हणजे अपमानच वाटला. बोलायला म्हणून रहमतबीने आणून दिलेल्या पाटीवर त्यांनी खडूने लिहिलं आणि पाटी महेकपुढे आपटली.

‘हळू बोललो तर चालते. ओरडलो की तोंड दाबते. मी काय शिव्या देतो?’

महेकने वाचलं आणि ती हसली. मग तिचं हसू अर्ध्यावर राहिलं. तिने खुर्ची ओढली, तुटलेल्या तुकड्यांचे आकडे पडद्यावर उतरवले आणि संध्याकाळपर्यंत चहाला हात लावला नाही. दिवेलागणीला तिने कपाळावर हात मारून घेतला.

“अब्बा, मशीनची चूक नाई. माहीच हाये.”

बाबूभाईंनी भुवया उडवल्या.

“हे पाहा, आवाज म्हणजे मशीनसाठी नुसते आकडे. हळू बोललं तर आकडे मधल्यामधी हलतात. तुम्ही ओरडले की लय वर जातात, लय खाली येतात. खाली येता येता सव्वीसवर पोचतात. आणि इथच्या विंडोजमधी, फाइल साधा मजकूर म्हणून उघडली, तर सव्वीस म्हणजे मजकूर संपला. ती वाचणंच बंद करते. कॉलेजात लिनक्स हाये, ते असं काई मानत नाई. म्हणून मले तिथी समजलंच नाई.”

बाबूभाईंनी पाटी पुसली. मग त्यांनी पाटीवर लिहिलं, ‘मग?’

“मग फाइल उघडतानाच सांगावं लागते, हे लिहिलेलं नाई, जसं हाये तसं घे, मधी कुठी थांबू नको. एक अक्षर टाकायचं, बस. ते टाकलं की दोन्हीकडं चालते. मी नाई टाकलं.” तिने ओढणीने डोळे पुसले. “मीच तुमचं तोंड दाबलं, अब्बा.”

बाबूभाईंना सव्वीसचं काही उमगलं नाही. जोरात बोललं की संपलं असं समजणारं यंत्र त्यांच्या डोक्यात बसेना. त्यांच्या धंद्यात तर जोरात बोलल्यावरच सगळं सुरू होत असे. पण पोरगी रडतेय एवढं कळलं. त्यांनी तिच्या डोक्यावर टपली मारली आणि थंड चहाचा कप तिच्या हातात दिला.

पुढच्या बाजाराला ती दोघं सकाळपासून खोलीत तयार बसली, आणि त्या दिवशी एकाही लेकराला हरवायची बुद्धी झाली नाही. बकरीसुद्धा हरवली नाही. दुपारी महेक चुकून म्हणाली, “एखादं तरी हरवलं असतं,” तर डबा घेऊन आलेल्या रहमतबीने तिला असं झापलं की दोघंही चूप झाली. ठेकेदार दोनदा डोकावून गेला.

ऊन उतरलं. बाबूभाई पुढे झाले, माइकवर बोटाने तीनदा ठोकलं, आणि महेकने बटण दाबलं.

“बाजार उठलाऽऽ हो! बाजार उठलाऽऽ!”

आवाज पत्र्यांवरून गेला, सिमेंट कारखान्याच्या धुळीने पांढऱ्या पडलेल्या झाडांवरून गेला. ओळीच्या ओळी थबकल्या. मिरच्यांच्या ढिगाआडून कोणीतरी ओरडलं, “बाबूभाईंचा गळा खुलला रे!” ठेकेदाराने लांबूनच हात वर केला. बाबूभाईंचे ओठ आवाजाबरोबर हलत होते. महेक त्यांच्याकडे पाहू शकली नाही.

हाक संपली. बाबूभाईंचे ओठ मात्र थांबले नाहीत. समोर रस्त्याच्या मधोमध लटारूने बंडी आडवी लावली होती, नेहमीसारखी.

महेकने तुकड्यांच्या नावांवरून घाईघाईने नजर फिरवली. लाल होतं, निळं होतं, म्हातारी होती, बकरी होती. लटारू नव्हता. म्हैसही नव्हती. पदरचं बोलणं भरून घ्यायचं कोणालाच सुचलं नव्हतं.

“काय लावू, अब्बा?”

बाबूभाईंनी मान हलवली. काही नको. ते माइकपाशी वाकले. मग बोट पुढे केलं आणि पुन्हा ठोकलं. ठक ठक ठक.

लटारूने दचकून वर पाहिलं. भोंग्यातून पुढे काहीच आलं नाही. लटारूने डोक्याचा दुपट्टा सावरला, मुकाट्याने बैलांचा कासरा धरला, आणि बंडी वळवता वळवता भोंग्याकडे तोंड करून खणखणीत ओरडला,

“घेतो ना भाऊ, घेतो! वरडता काऊन!”