तिच्या बोटाची सवय

घरातली बाई गेली हे घराला कळलं, तेव्हा तिला जाऊन बरेच दिवस झाले होते. पाहुणे येऊन गेले होते. सतरंज्या गुंडाळून माळ्यावर गेल्या होत्या. मुलगी आपल्या नोकरीच्या गावी परतली होती. त्या सकाळी मिस्त्रींनी टेबलापाशी खुर्ची ओढली आणि बायकोच्या लॅपटॉपचं झाकण उघडलं. पडदा काळा होता. त्यांनी वायर लावली, बटण दाबलं. पडदा उजळला तसं त्यांनी माझ्यावर बोट ठेवलं. पडद्यावरचा बाण जरासा सरकला, अडखळला आणि कोपऱ्यात जाऊन बसला. त्यांनी बोटाने टकटक केली. काहीच उघडलं नाही.

"अगं, हे बघ, चालत नाहीये," ते स्वयंपाकघराकडे मान वळवून म्हणाले.

तिकडून फ्रीजची घरघर तेवढी ऐकू येत होती. मिस्त्री बराच वेळ मान वळवून तसेच बसले. त्यांचं बोट माझ्यावरच होतं. ते अजिबात हललं नाही.

मित्रांनो, मी त्या लॅपटॉपचा टचपॅड. कीबोर्डच्या खाली जी गुळगुळीत काळी पट्टी असते ना, तीच मी. आता जुना झालो आहे. कडा पांढुरक्या पडल्या आहेत. मधोमध एक चकाकी आहे, ती तिच्या बोटाने आणलेली.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे मला एका रबरी बोटाने तपासलं. रबरी बोटाला घाम येत नाही, ते थरथरत नाही, त्याला कधी घाई नसते. पहिलं बोट असं मिळाल्यामुळे मला वाटलं, पुढेही सगळं असंच असेल. पुढची काही वर्षं मी एका कचेरीत काढली. तिथे लोक माझ्यावर चहाचा कप ठेवायचे आणि बाण हलला नाही की मलाच टपली मारायचे. मग जुन्या सामानाबरोबर मला विकलं आणि मी तिच्याकडे आलो.

ती पूर्वी एका फोटो स्टुडिओत काम करायची. स्टुडिओ बंद पडला, तेव्हा तिने घरच्या टेबलावर काम मांडलं. लोक तिच्याकडे जुने फोटो आणायचे. कुणाचा ओलीने फुगलेला, कुणाचा वाळवीने खाल्लेला, कुणाचा घडी पडून मधोमध चिरलेला. ती त्यांची प्रत लॅपटॉपवर घ्यायची आणि माझ्यावर बोट फिरवून एकेक डाग पुसायची. गालावर डाग असेल तर शेजारचीच चांगली कातडी थोडीथोडी उचलून त्यावर बसवायची. लोक फोटो बघून रडायचे आणि तिला नावाजायचे. माझं नाव कुणी घेत नसे, पण मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. तिचं बोट हलकं होतं. दिवसभर काम करूनही मी दमत नसे.

मग लॅपटॉप म्हातारा झाला. एक फोटो उघडायला इतका वेळ लागायचा की तेवढ्यात ती भाजी निवडून यायची. दुरुस्तीच्या दुकानातला मुलगा म्हणाला, "मावशी, हा आता भंगारात द्या."

"माणूस हळू चालायला लागला म्हणून त्याला घराबाहेर काढतोस का रे?" असं म्हणून ती मला काखेत मारून परत घेऊन आली.

सुट्टीत मुलगी आली तेव्हा तिने लॅपटॉपमधली जुनी प्रणाली काढून लिनक्स नावाची दुसरी टाकली. प्रणाली म्हणजे सगळा संगणक चालवणारी व्यवस्था. लॅपटॉप पुन्हा पळायला लागला. फक्त मी आजारी पडलो. त्याचं असं झालं, मित्रांनो, की मला बोट कळतं, पण ते संगणकाला समजावून सांगायला मध्ये एक दुभाष्या लागतो. नव्या घरात माझी भाषा जाणणारा दुभाष्या नव्हता. नव्या प्रणालीने मला साधा माउस समजून कामाला लावलं. टकटक केलेली कळेना, दोन बोटांनी पान सरकेना. लिहिताना तिचा तळहात चुकून टेकला, तरी मला ते बोटच वाटायचं. मग तिने नाव लिहायला घेतलं की अर्धं नाव एका ओळीत आणि अर्धं तिसऱ्याच ओळीत पडायचं.

तिचे यजमान गवंडी. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात. ते संध्याकाळी कामावरून आले की दारातूनच विचारायचे, "काय म्हणतोय तुझा उंदीर?"

"अहो, तुमच्यासारखाच आहे. हळू सांगितलं तर ऐकत नाही आणि जोरात सांगितलं की रुसतो."

"मग माझ्यासारखाच सांभाळ."

"एकाला सांभाळूनच दमलेय."

पण तिने मला टाकलं नाही. इंटरनेटवर अनोळखी माणसांनी लिहून ठेवलेले सल्ले ती शोधून वाचायची. मग एक काळी खिडकी उघडून त्यात आज्ञा टाइप करायची. आधी तिने माझा दुभाष्या शोधून आणला. मग टकटक सुरू केली. तळहाताकडे लक्ष द्यायचं नाही हे शिकवलं. शेवटी बोट किती हलवलं की बाण किती सरकावा, हे बसवायला घेतलं. एक आकडा बदलायचा, बोट फिरवून बघायचं, नकारार्थी मान हलवायची, पुन्हा बदलायचा. अखेर एक दिवस बाण तिला हवा तिथे, पापणीच्या एका केसावर, नेमका थांबला. ती जोरात हसली. शेजारीण काय झालं ते बघायला आली.

फक्त एक गोष्ट राहिली होती. या आज्ञा लॅपटॉप चालू आहे तोवरच टिकायच्या. तो पूर्ण बंद केला की मी शिकवलेलं सगळं विसरणार.

"झालं ना मनासारखं? मग पक्कं करून टाक," मिस्त्री म्हणाले.

"राहू द्या हो. अजून थोडं वापरून बघते. तुम्हीच म्हणता ना, गिलावा ओला आहे तोवर हात फिरवून घ्यावा?"

"ओला आहे तोवर म्हटलं. जन्मभर नाही."

तिने ते मनावर घेतलं नाही. लॅपटॉप ती कधी बंदच करत नसे. झाकण लावून झोपवायची, सकाळी उठवायची. घराबाहेर पडताना सगळी बटणं बंद करायची, असा त्या घराचा नियम होता आणि तो तिनेच घातला होता. त्यातून लॅपटॉपच्या वायरीचं एवढं एकच बटण सोडायचं. ते चुकून कुणी बंद करू नये म्हणून तिने त्याच्या वायरीला लाल दोरा बांधला होता. अशी वर्षं गेली.

दवाखान्यात जायच्या दिवशी कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या आईचा फोटो पडद्यावर होता. त्याच्याकडे आईचा तेवढाच एक फोटो. तो घडी पडून चिरला होता. चीर हनुवटीपासून निघून गालावरून डाव्या डोळ्यापर्यंत गेली होती. "तेवढा न्हावीदादांचा फोटो राहिला. आल्यावर करते," म्हणून तिने झाकण लावलं. बाहेर रिक्षा उभी होती. मिस्त्रींनी घाईघाईने घरातली सगळी बटणं बंद केली. लाल दोऱ्याचंही केलं.

बॅटरी हळूहळू उतरत गेली. तिने माझ्यात बसवलेलं एकेक निघून गेलं. घरात कुणी नव्हतं, त्यामुळे ते कुणाला कळलं नाही.

ती परत आली नाही. न्हावी तेराव्यानंतर एकदा आला, हात जोडून बसला आणि फोटोबद्दल अवाक्षर न काढता गेला. म्हणूनच मिस्त्रींनी त्या सकाळी झाकण उघडलं होतं. तिचं ते एक काम त्यांना पुरं करून द्यायचं होतं.

मुलीने फोनवर सांगितलं, "बाबा, सरळ माउस लावा ना."

"लावला. साबणाची वडी धरल्यासारखं वाटतं. हाताला काही कळत नाही."

"मग मी आले की करते."

"तू कशाला? जन्मभर भिंतीच्या चिराच भरल्यात मी. थापीने कितीही केलं तरी शेवटचा हात बोटाचाच असतो. मला बोटाने करायचंय."

मग ती फोनवरून सांगत गेली आणि ते करत गेले. टकटक लवकर सुरू झाली. पुढचं अवघड होतं. सिमेंटने मिस्त्रींची बोटं रुंद, चपटी आणि कोरडी झाली आहेत. त्यांनी बोट टेकवलं की मला तो तळहात वाटायचा आणि मी तिकडे दुर्लक्ष करायचो.

"मी याच्या दारात उभा आहे आणि हा म्हणतो कुणी नाही," मिस्त्री वैतागून म्हणाले.

"थांबा, त्याचीही आज्ञा आहे. लिहा. मध्ये मोकळी जागा सोडा, बाबा."

"कुठे?"

"दोन शब्दांच्या मध्ये."

"इथे शब्द कुठे आहेत? सगळी खडीच आहे."

फोनवर मुलगी हसली.

कित्येक संध्याकाळी यात गेल्या. एक आकडा बदलायचा, बोट फिरवून बघायचं, नकारार्थी मान हलवायची. बायकोचे आकडे त्यांना माहीत नव्हते. तिचे आकडे त्यांच्या बोटाला चाललेही नसते. शेवटी ते बोट ओल्या फडक्याला पुसून माझ्यावर टेकवायला लागले, तेव्हा मला ते नीट कळायला लागलं. खरं सांगतो मित्रांनो, मी थकलो आहे. या वयात नवं बोट शिकणं सोपं नाही. पण शिकलो.

त्यांनी हनुवटीपासून चीर भरायला घेतली. शेजारची कातडी उचलायची, चिरेवर ठेवायची, कडा मिसळायच्या. भिंतीवर करतात तसंच. चुकलं की मागे जायचं, पुन्हा करायचं. ओठाचा कोपरा जुळला. गाल जुळत आला.

एकदा न्हावी दारात डोकावला. "मिस्त्री, येऊ का?"

"या. होतोय हळूहळू."

न्हावी पडद्यापाशी वाकला. "हनुवटी आईचीच. हात अगदी वहिनींसारखा आहे तुमचा."

"थट्टा करू नका."

"थट्टा नाही. आमचा धंदाच तोंडं बघायचा. खोटं कशाला बोलू?" तो पडद्यापासून मागे सरला. "घाई नाही म्हणा. पण माझीही नजर आता अधू होत चाललीय. एकदा तिला धड बघितलं असतं."

"शनिवारी या," मिस्त्री म्हणाले.

त्यानंतर ते रोज संध्याकाळी बसतात. बोट फडक्याला पुसतात, डोळ्याखाली आणतात आणि थांबतात. बाण थरथरत नाही. मीही अडत नाही. राहिली आहे ती चीर बोटाच्या पेराएवढीसुद्धा नाही. ते तिच्याकडे बघत बसतात, "हिचं एवढंच काम राहिलंय," म्हणतात आणि मग झाकण लावतात. मुलगी फोनवर विचारते, "बाबा, सेटिंग पक्कं केलंत का? एकदा बंद पडलं तर सगळं पुन्हा करावं लागेल." ते म्हणतात, "करतो." वायरीला लाल दोरा तसाच आहे. बाहेर जाताना ते तो आधी चाचपून बघतात आणि मगच बाकीची बटणं बंद करतात.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी एखादी जुनी वस्तू मन लावून चालती केली असेल, तर ती कशी केली ते आजच विचारून घ्या. ते माणूस शेजारच्या खोलीत आहे आणि हाक मारली तर ओ देतंय, तोवर विचारून घ्या. वस्तू सांभाळा, पण त्याहून जास्त ही रीत सांभाळा. आम्हा वस्तूंना शिकवलेलं धरून ठेवता येत नाही. वीज गेली की आमचं सगळं जातं.

शनिवार होऊन गेला. न्हावी येऊन परत गेला. माझं सेटिंग अजून पक्कं केलेलं नाही. डाव्या डोळ्याखालची चीर भरायची राहिली आहे.