कोंबड्या रुळल्या तर येईन

अक्काने फोनवर मोजकंच सांगितलं. "आधी माझ्या दोन कोंबड्या पाठवते. त्या तुमच्याकडे रुळल्या तर मी येईन. नाही रुळल्या तर वृद्धाश्रमात नाव घालून ठेवलंय, तिकडे जाईन." दादाने काही बोलायच्या आत फोन ठेवलाही.

दादा म्हणजे तिचा धाकटा भाऊ, धंद्याने न्हावी. गल्लीतले सगळे त्याला दादाच म्हणायचे, अगदी त्याच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेलेसुद्धा. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं दुकान होतं, दोन खुर्च्यांचं. मागचं दार उघडं ठेवलं की गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून थेट परसातलं खुराडं दिसायचं. त्यात बायकोच्या चार तांबड्या कोंबड्या होत्या. काटक, भांडखोर आणि अंड्याला चोख. त्यांच्या म्होरकीला बायकोने मुकादमीण असं नाव दिलं होतं आणि ती ते नाव खाली पडू देत नव्हती.

अक्का अडुसष्टची. जन्मभर शाळेत मुलींना शिवण शिकवलं, लग्न केलं नाही, निवृत्त होऊन दहा वर्षं एकटी राहिली. आता राहतं घर मालकाला पाडायचं होतं. आई लवकर गेली तेव्हा अक्कानेच दादाला वाढवलं होतं. पहिली कात्रीही तिनेच हातात दिली, स्वतःच्या शिवणाच्या पेटीतली. ती परक्या लोकांत जाऊन राहणार, हा विचारच दादाला सहन होत नसे. तिने आपल्या घरी यावं, एवढंच त्याला हवं होतं.

अडचण एकच होती. बायकोचं आणि अक्काचं पटत नव्हतं. भांडण असं कधी झालं नव्हतं, झालं असतं तर मिटलं तरी असतं. लग्नानंतर लगेच अक्का तीन महिने त्यांच्याकडे येऊन राहिली होती. तेवढ्यात काय बिनसलं कोण जाणे, त्यानंतर तीस वर्षं दोघी एकमेकींना पाहुण्यासारखं वागवत होत्या. फोनवर मात्र बरं बोलायच्या. समोरासमोर आल्या की तोंडं मिटायची. "येऊ देत की," बायको म्हणाली. "घर तुमचंही आहे. मला काय विचारता?" ज्याचं लग्न झालंय त्याला या वाक्याचा अर्थ सांगायला नको.

दोन कोंबड्या टोपलीतून आल्या. एक करडी, ठिपक्यांची, उशीएवढी गुबगुबीत. दुसरी पांढरीशुभ्र, आणि तिच्या डोक्यावर पिसांचा हा एवढा झुबका, चोचीपर्यंत लोंबणारा. अक्का तिला महाराणी म्हणायची आणि दर रविवारी तो झुबका दात घासायच्या जुन्या ब्रशने विंचरायची. बायकोने तिला एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि झिपरी म्हणून टाकलं.

टोपलीत अक्काची चिठ्ठी होती. दोन आठवडे मध्ये जाळी ठेवायची, एकमेकींना दिसू द्यायच्या पण भिडू द्यायच्या नाहीत. दाणापाणी दोन ठिकाणी. मग एका संध्याकाळी जाळी काढायची. शेवटच्या ओळीखाली दोन रेघा होत्या: महाराणीच्या केसांना कात्री लावायची नाही. तुला मी ओळखते. शब्द दे.

दादाने फोन करून शब्द दिला. मग सगळं चिठ्ठीबरहुकूम केलं. पंधराव्या दिवशी, दुकानातलं शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर, जाळी काढली.

ठिपकेवाली दहा मिनिटांत घरची झाली. मुकादमीण तिच्या अंगावर गेली, तिने मान खाली घालून दोन पावलं वाट सोडली, आणि विषय संपला. तिचा पिंडच शांत, कुणाशी देणंघेणं नाही. झिपरीची गोष्ट वेगळी. मुकादमीण समोर आली तरी ती ढिम्म उभी. एक टोच बसली, तरी ती तिथेच. दुसरी बसल्यावर किंचाळली आणि जाऊन नेमकी मुकादमिणीलाच धडकली. मग चौघी तुटून पडल्या. दादा मध्ये पडेपर्यंत मानेवर रक्त आलं होतं. जनावरांच्या डॉक्टरने निळं औषध दिलं आणि सांगितलं, "लाल दिसू देऊ नका. लाल दिसलं की त्या थांबत नाहीत."

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्काचा फोन आला. "काय म्हणतात पोरी?"

"दुधात साखर," दादा म्हणाला. हातात निळ्या औषधाची बाटली होती.

खोटं बोलायचं तर बेताने बोलावं, पण त्याला तो बेत कधी जमला नाही. रोज फोन यायचा आणि रोज तो थोडी जास्त साखर घालायचा. झिपरीला पुन्हा जाळीआड घातलं, चार दिवसांनी पुन्हा सोडलं, पुन्हा तेच. आठव्या दिवशी अक्का म्हणाली, "मग मी पुढच्या रविवारी येतेच," आणि दादाला घाम फुटला. रविवारी ती दारात उतरणार, सरळ परसात जाणार, आणि निळ्या मानेची कोंबडी बघून तिथूनच माघारी फिरणार. अक्का बोलल्यासारखी वागायची, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"मुजोर आहे," बायको म्हणाली. "मोठी समोर आली तर वाट सोडावी, एवढंही कळत नाही. मालकिणीचं वळण, दुसरं काय. हाक मारली तर मान वळवून बघायचं नाही."

पण टोचणाऱ्या कोंबड्या तिच्याच होत्या आणि कोंबडीचं रक्त तिलाही बघवत नव्हतं. मंगळवारी ती परसात पाट टाकून बसली आणि तासभर नुसती बघत राहिली. मग मूठभर दाणे घेऊन झिपरीच्या बाजूला हात धरला. झिपरी हलली नाही. हात वर धरला, तरी नाही. अगदी चोचीखाली नेला तेव्हा तिने टपाटप दाणे उचलले.

"अहो, जरा इकडे या," तिने हाक मारली. दादा अर्धी दाढी सोडून आला. "ही मुजोर नाही हो. हिला दिसतच नाही. झिपऱ्या डोळ्यांवर आल्यात. कोण येतंय ते कळलं तर वाट सोडेल ना बिचारी? आणि आमच्या मुकादमिणीला वाटतंय ही आपल्याला जुमानत नाही. घ्या कात्री आणि कापा."

"मी शब्द दिलाय."

"कोंबडी मेल्यावर शब्दाचं लोणचं घालणार आहात का?"

खाली वाकून दादाने झिपरीला उचललं आणि तसाच पाटावर बसला. बायकोला वाटलं, केसांवरूनच अडलंय. पण तो म्हणाला, "अक्काला डाव्या कानाने ऐकू येत नाही."

"काय?"

"सोळा वर्षांची असताना ताप आला होता, त्यात गेला कान. नोकरी लागली तेव्हा तिने माझ्याकडून शपथ घेतली. बहिरी बाई शाळेत कोण ठेवणार? कुणाला म्हणून सांगायचं नाही. चारचौघांत मी तिला नेहमी डाव्या हाताला भिंत येईल अशी बसवायचो, म्हणजे बोलणारा उजवीकडे येतो. फोन ती उजव्याच कानाला लावते. पण स्वयंपाकघरात तुम्ही दोघीच असायच्या. तिथे मी नव्हतो."

बायकोने मुठीतले उरलेले दाणे खाली टाकले. आत गिऱ्हाईक खोकलं.

"आणि निवृत्त होऊन दहा वर्षं झाली त्यांना," ती म्हणाली.

"शपथेतून तिने मला मोकळं केलं नाही."

"आणि तुम्हाला विचारायचं सुचलं नाही. तीस वर्षं मी त्या बाईला गर्विष्ठ म्हणत आले, तुमच्यासमोर म्हणत आले, आणि तुम्ही ऐकत बसलात. तुम्हाला तर दोन कान आहेत ना?" तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर दादाला बरं वाटलं असतं. आपण इमान राखतोय अशा समजुतीत त्याने तीस वर्षं काढली होती, आणि त्याची किंमत या दोघींनी मोजली होती. त्याला लाज वाटली, खरोखरची, कानशिलं गरम होण्याइतकी.

गिऱ्हाइकाची उरलेली दाढी उरकून त्याने झिपरीला खुर्चीत बसवलं. बायकोने तिला टॉवेलात गुंडाळून धरलं. दादाने बारीक कात्री घेतली आणि डोळ्यांवरची पिसं तेवढी कापली, मुळाला धक्का न लावता, डावीकडची आधी. झिपरीचे डोळे बाहेर आले, नारिंगी आणि चांगलेच मोठे. तिने आरशात पाहिलं आणि दचकून दादाच्या हातावर शिटली.

शुक्रवारी जाळी काढली. मुकादमीण आली, झिपरीने तिला येताना पाहिलं, दोन पावलं बाजूला झाली. मुकादमिणीने क्षणभर वाट पाहिली आणि दाण्यांकडे वळली.

रविवारी अक्का आली. पिशवी हातात तशीच ठेवून परसात गेली, झिपरीकडे पाहिलं आणि मग भावाकडे. "कात्री लावलीस."

"लावली. आणि दुसरंही सांगितलं. हिला."

अक्काचा चेहरा उतरला. तेवढ्यात बायको मागून आली, वळसा घालून तिच्या उजव्या हाताला उभी राहिली आणि म्हणाली, "वन्सं, आत चला, चहा ठेवलाय." नको तेवढ्या मोठ्याने म्हणाली.

"ओरडू नकोस गं," अक्का म्हणाली. "या बाजूने येतं मला. दुसऱ्या बाजूनेच नाही येत." हे ती जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने बोलली होती आणि बोलल्यावर तिला कुठे बघावं ते कळेना, म्हणून ती कोंबड्यांकडे बघत राहिली.

"आमचं लग्न झालं त्या वर्षी," बायको म्हणाली, "मी तुम्हाला म्हटलं होतं, वन्सं, मला शिवण शिकवाल का. पहिल्याच आठवड्यात. माहेरी कुणी शिकवलं नव्हतं, फार हौस होती मला. तुम्ही भांडी विसळत होतात. हात पुसलेत आणि निघून गेलात. मी परत तुम्हाला काही विचारलं नाही."

अक्का वळली. "कुठे उभी होतीस तू?"

"तुमच्या डावीकडे. नळ चालू होता."

अक्काने पिशवी खाली ठेवली. "शिकवलं असतं गं," ती म्हणाली. "मला वाटायचं, शिकवाल का म्हणून ही एकदा तरी विचारेल. मी वाट बघत होते."